चिरलेल्या पात्याचे कोडे

एखाद्या अनुभवी नावाड्याला जाऊन सांगा, ‘‘काका, वल्ह्याचे पाते मधोमध उभे चिरून टाका, म्हणजे होडी हलकी चालेल.’’ काका तुमच्याकडे कसे पाहतील, हे सांगावयास नको. वल्ह्याचे काम पाणी मागे रेटण्याचे. पाते चिरले तर पाणी चिरेतून निसटणार, आणि रेटा कमी होणार. हे कळावयास भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि तरीही १९९८ च्या सुमारास पाणबुड्यांच्या बाजारात नेमके असेच चिरलेले पाते आले. ते हातातले वल्हे नव्हते, पायातले होते. पोहणारे लोक पायात रबराचे किंवा प्लास्टिकचे लांब पंजे घालतात, ते तुम्ही चित्रांत पाहिले असतील. मालवण-तारकर्लीला समुद्राखाली जाणाऱ्या पाणबुड्यांच्या पायांत प्रत्यक्षही पाहिले असतील. त्यांना ‘फिन’ म्हणतात. फिन म्हणजे माशाचा पर. या नव्या फिनच्या पात्याला टोकापासून जवळजवळ पावलापर्यंत एक उभी फट होती. ‘कमी श्रमात जास्त वेग’ असे विक्रेते सांगत होते. किंमत साध्या फिनपेक्षा जास्त, तरीही ते खपले. मग आपले नावाडीकाका चुकले की काय? याचा नीट तपास करू या.

प्रथम थोडा इतिहास पाहू. माणसाचे पाऊल पोहण्याच्या दृष्टीने अगदीच बेताचे आहे. बेडकाच्या किंवा बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो, आपल्या बोटांमध्ये तो नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणीच केला होता. हा तोच फ्रँकलिन, विजेच्या प्रयोगांमुळे तुमच्या पाठ्यपुस्तकात भेटणारा. त्याने सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद अशा दोन लंबगोल फळ्या केल्या, त्यांना अंगठ्यासाठी भोक पाडले आणि त्या तळहातांवर धरून तो पोहला. वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली. पायांसाठीही त्याने एक प्रकारच्या वहाणा करून पाहिल्या, पण त्यांनी त्याचे समाधान झाले नाही. मनगटांची ती तक्रार लक्षात ठेवा. पाते मोठे केले की पाणी जास्त रेटले जाते हे खरे, पण तो सगळा भार शेवटी कुठल्या ना कुठल्या सांध्यावर येतो.

पायात घालण्याच्या आजच्या फिनचे श्रेय फ्रान्सच्या नौदलातील अधिकारी लुई द कॉर्लिये यांना देतात. १९३३ मध्ये त्यांनी आपल्या ‘पोहण्याच्या प्रेरकां’चे पेटंट घेतले. अमेरिकेतील ओवेन चर्चिल यांनी त्यांच्याकडून परवाना घेतला आणि १९४० मध्ये रबरी फिन विकावयास काढले. हे चर्चिल स्वतः १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिडांच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारे. पहिल्या वर्षी हजार जोड्यासुद्धा खपल्या नाहीत. पण लगेच दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या नौदलांना पाणबुड्यांची गरज भासली, आणि हजारो जोड्या गेल्या. पुढे १९६४ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज बुशा यांनी पात्याच्या मुळाशी झरोके असलेला ‘जेट-फिन’ आणला. पाय माघारी घेताना पाणी झरोक्यांतून निघून जावे आणि श्रम वाचावेत, ही त्यामागची कल्पना. म्हणजे पात्याला भोके पाडण्याची कल्पना चिरेच्याही आधीची आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फिन आपल्याला पुढे नेतो, तो नेमका कसा?

तुम्ही पालथे पोहत आहात आणि पाय वर-खाली हलवत आहात. पाय तर वर-खाली जातो, मग शरीर पुढे का जाते? समजा, फिनचे पाते लोखंडासारखे ताठ आहे आणि पाण्यात आडवे धरले आहे. पाय खाली दाबला की पाण्याची प्रतिक्रिया सरळ वर येईल. शरीर उचलले जाईल, पुढे मात्र तसूभरही सरकणार नाही. फिन काम करतो तो लवचिक असतो म्हणून. पाय खाली जाताना पाण्याच्या विरोधामुळे पात्याचे टोक मागे राहते, म्हणजे वरच्या बाजूला वाकते, आणि पात्याचा पृष्ठभाग तिरपा होतो. पाण्याचा दाब नेहमी पृष्ठभागाला लंब असतो. पृष्ठभाग तिरपा झाला की दाबाचे बलही तिरपे होते, आणि त्याचा एक घटक पुढच्या दिशेला मिळतो. पाते ३० अंशांनी कलले आणि त्यावर १०० न्यूटन बल आले, तर पुढे ढकलणारा घटक १०० × ज्या ३०°, म्हणजे ५० न्यूटन. उरलेला सुमारे ८७ न्यूटनचा घटक वर जातो. तो पुढे जाण्याच्या कामी येत नाही, पण मांडीच्या स्नायूंना मात्र तो सोसावा लागतो. पाय वर येताना हेच उलट घडते: पाते दुसरीकडे वाकते आणि पुन्हा पुढचाच घटक मिळतो.

पण किती बल मिळाले एवढ्यावर हिशेब संपत नाही. ते बल किती ऊर्जा खर्चून मिळाले, हेही पाहावे लागते. एक छोटे गणित करू. पाणबुड्याला पुढे जाण्यासाठी ४० न्यूटन बल हवे आहे असे समजा. न्यूटनच्या नियमांप्रमाणे हे बल म्हणजे दर सेकंदाला पाण्याला दिलेला संवेग. ते दोन प्रकारे मिळवता येईल. दर सेकंदाला १० किलोग्रॅम पाणी ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे फेकले, तर १० × ४ = ४० न्यूटन. किंवा ४० किलोग्रॅम पाणी १ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे सारले, तर ४० × १ = ४० न्यूटन. बल सारखेच. आता त्या पाण्याला दिलेली गतिज ऊर्जा काढा. पहिल्या प्रकारात १/२ × १० × ४ × ४ = ८० ज्यूल. दुसऱ्यात १/२ × ४० × १ × १ = फक्त २० ज्यूल. ही ऊर्जा पाण्यात भोवरे होऊन विरून जाते, म्हणजे ती फुकट गेली. तेच बल मिळवण्यासाठी पहिल्याने दुसऱ्याच्या चौपट ऊर्जा उधळली! तात्पर्य, थोडे पाणी जोरात भिरकावण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळूच सारणे फायद्याचे. अनवाणी पाऊल थोड्याच पाण्याला धक्का देते. फिन पुष्कळ पाण्याला देतो. फिनचे सारे महत्त्व या एका ओळीत आहे, आणि त्यात चिरेचा अजून कुठेही संबंध आलेला नाही.

पाणबुड्याला या ऊर्जेची इतकी काळजी का, असे तुम्ही विचाराल. कारण त्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा मोजकी असते. एक लिटर ऑक्सिजन वापरून शरीरात सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा निर्माण होते. पोहताना मिनिटाला दीड लिटर ऑक्सिजन लागला असे धरा. म्हणजे मिनिटाला ३० किलोज्यूल, अर्थात ५०० वॅट. आणि ४० न्यूटन विरोधाला तोंड देत ०.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाण्यास प्रत्यक्षात लागणारी शक्ती किती? ४० × ०.६ = २४ वॅट. पाचशेतले चोवीस! शंभरातले पाचसुद्धा नाहीत. उरलेली ऊर्जा शरीराची उष्णता, पायांची हालचाल आणि पाण्यातले भोवरे यांत जाते. यातले थोडेसे जरी वाचवता आले तरी पाणबुडा पाण्याखाली तेवढा जास्त वेळ राहू शकेल, आणि अडचणीत सापडलाच तर त्याच्या गाठीशी तेवढे श्वास जास्त असतील. तेव्हा ‘कमी श्रमात जास्त वेग’ या जाहिरातीच्या वाक्याला येथे जिवाचे मोल आहे. ते खरे की खोटे, हे कळलेच पाहिजे.

पीट मॅकार्थी या अमेरिकन संशोधकाने या वाया जाणाऱ्या भोवऱ्यांवरच बोट ठेवले. साध्या फिनचे रुंद पाते पाण्यावर जवळजवळ सपाट आदळते. पाण्याचा प्रवाह त्याच्या पाठीला चिकटून वाहत नाही, तुटतो, आणि मागे भोवऱ्यांचा गोंधळ माजतो. दाबाखालचे पाणी पात्याच्या दोन्ही कडांवरून निसटते, तेथेही भोवरे होतात. विमानाचा पंख वाऱ्याला थोडासाच तिरपा असतो तोवर त्याला उचल मिळते. तो फार तिरपा झाला की प्रवाह तुटतो आणि उचल ढासळते, तसाच हा प्रकार. मॅकार्थी यांचा उपाय असा: पाते मधोमध चिरायचे आणि बाहेरच्या दोन कडांना ताठ कणे ठेवायचे. पाय हलला की प्रत्येक अर्धे पाते आपल्या कण्याभोवती पिळते. फटीकडची मऊ कड मागे झुकते, कण्याची कड पुढे राहते. आता प्रत्येक अर्धे पाते पाण्याला सपाट न भिडता पंख्याच्या पात्यासारखे तिरके भिडते. प्रवाह कडेकडून मध्याकडे गुळगुळीत वाहतो आणि फटीतून मागे निघून जातो. थोडक्यात, दोन पात्यांचा पंखा, पण गरगर न फिरता वर-खाली हलणारा.

कल्पना मोठी सुरेख आहे, यात शंका नाही. १९९६ मध्ये त्यांनी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, आणि मे १९९८ मध्ये ५७,४६,६३१ या क्रमांकाचे पेटंट त्यांना मिळाले. पुढे आणखीही मिळाली. त्यांनी स्वतः कारखाना काढला नाही. त्यांच्या ‘नेचर्स विंग’ या कंपनीने इतरांना परवाने दिले. जपानच्या अपोलो कंपनीचा ‘बायो-फिन’, स्कूबाप्रो कंपनीचा ‘ट्विन जेट’ हे फिन त्याच परवान्यावर निघाले. द कॉर्लिये आणि चर्चिल यांच्यात झाला तसाच हा व्यवहार, फक्त साठ वर्षांनंतरचा.

येथे पेटंटविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुष्कळ मोठ्या माणसांचाही यात घोटाळा होतो. पेटंट, म्हणजेच एकस्व, हे एखाद्या सिद्धान्ताच्या खरेपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे. परीक्षक कागदपत्रे तपासतो: ही रचना नवी आहे का, सहज कुणालाही सुचण्यासारखी तर नाही ना, आणि वर्णन वाचून दुसऱ्या कारागिराला ती करता येईल का. तो फिन घालून तलावात उडी मारत नाही. शोधकाने आपली रचना जगापुढे उघड करावयाची आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती बनवण्याचा व विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवावयाचा, असा हा करार आहे. मॅकार्थी यांच्या त्या पहिल्या पेटंटची मुदत २०१६ मध्ये संपली.

मग पोहून पाहिले कुणी? पाणबुड्यांच्या मासिकांनी शर्यती लावल्या. त्यांत काही दुभंगलेले फिन वरच्या क्रमांकावर आले. वापरणारेही म्हणत की पाय हलका वाटतो, गुडघा आणि घोटा दुखत नाही. पण विचार करा, एका कंपनीच्या चिरलेल्या फिनची तुलना दुसऱ्या कंपनीच्या अखंड फिनशी केली, तर फरक फक्त चिरेचा असतो का? रबर निराळे, लांबी निराळी, वजन निराळे, लवचिकपणा निराळा. वेग वाढला तर श्रेय कोणाला द्यावयाचे? प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना हेच घोकायला लावतो: एका वेळी एकच गोष्ट बदला.

अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात डेव्हिड पेंडरगास्ट आणि त्यांचे सहकारी पाण्याखाली पोहणाऱ्यांचा ऑक्सिजन मोजून फिनांची तुलना करीत होते. २००३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगातील एक युक्ती मला फार आवडते. त्यांनी दुभंगलेला फिन घेतला आणि त्याची चीर चिकटपट्टीने बंद केली. बस्स! फिन तोच, रबर तेच, पाय तेच. फरक फक्त चिरेचा. चिरेतून वाहणाऱ्या पाण्यात काही जादू असेल, तर चीर बंद करताच ती नाहीशी झाली पाहिजे. काय आढळले? म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. मुळाशी झरोके असलेल्या फिनांबद्दलही निष्कर्ष असाच निघाला: झरोक्यांमुळे श्रमांची बचत झालेली दिसली नाही.

मला विचाराल तर या निकालात फारसे नवल नाही. वर आपण पाहिले की पुढचा घटक मिळतो तो पाते लांबीत वाकून मागे तिरपे होते म्हणून. अर्धे पाते कण्याभोवती पिळले की त्याचा पृष्ठभाग बाजूला तिरपा होतो. मग दाबाच्या बलाला बाजूचा घटक मिळतो: डाव्या अर्ध्याला एका दिशेने, उजव्या अर्ध्याला विरुद्ध दिशेने. दोन्ही एकमेकांना छेदतात, आणि पुढे जाण्यास त्यांचा काही उपयोग होत नाही. पुढे ढकलण्याचे काम शेवटी लांबीतल्या वाकण्यालाच करावे लागते, आणि ते अखंड पात्यालाही जमते. पिळामुळे भोवरे कमी होत असतील, तर तेवढा फायदा होईल खरा. पण तो मोजून दाखवावा लागतो.

मग पाय हलका वाटतो, तो भास का? भास नाही. पाते चिरले की ते सहज झुकते, पाण्यावर कमी अडते आणि घोट्यावर भार कमी येतो. फ्रँकलिनची मनगटे आठवा! पण ‘हलके जाते’ आणि ‘कार्यक्षम आहे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सायकलचा लहान गिअर टाकला की पेडल हलके फिरते, पण तेवढ्यानेच सायकल जास्त अंतर जात नाही. जास्त वेळा पेडल मारावे लागते. दुभंगलेल्या फिननेही पाय लहान आणि भराभर मारावे लागतात. ज्याचे गुडघे दुखतात त्याला हा सौदा चांगलाच आहे, आणि असे अनेक पाणबुडे हे फिन आजही आनंदाने वापरतात. याउलट गुहांत शिरणारे पाणबुडे ते सहसा टाळतात. तळाचा गाळ उसळू नये म्हणून त्यांना बेडकासारखे पाय मारावे लागतात, जागच्या जागी वळावे लागते, कधी उलटही सरकावे लागते. तेथे ताठ पातेच बरे. शिवाय परतीची वाट सापडावी म्हणून ते दोरी सोडत जातात. ती दोरी चिरेत अडकली तर काय होईल, याची कल्पना करा.

‘पण सर, माशाची शेपटीसुद्धा दुभंगलेलीच असते की!’ असे कोकणातला एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो. शंका उत्तम आहे. बाजारात बांगडा, सुरमई, कुपा यांच्या शेपट्या नीट पाहा. टोकांना लांब आणि निमुळत्या, मध्ये खोल खाच. पण ती खाच पाणी आत ओढण्यासाठी नसते. तिच्या दोन्ही बाजूंची पाती म्हणजे पक्ष्याच्या पंखांसारखे दोन लांब, अरुंद पंख. लांब-अरुंद पंखाच्या टोकाशी भोवऱ्यांत कमी ऊर्जा जाते, म्हणून मैलोन्‌मैल वेगाने पोहणाऱ्या माशांना ते परवडते. खडकांत दबा धरून बसणाऱ्या गोब्र्याची शेपटी पाहा, ती रुंद आणि गोलसर असते. त्याला दूर जावयाचे नसते, एकदम झेप घ्यावयाची असते. तेव्हा शेपटीत महत्त्व खाचेला नाही, पंखाच्या आकाराला आहे.

पेंडरगास्ट यांच्या निकालालाही मर्यादा आहेत, हे सांगितलेच पाहिजे. त्यांनी चीर बुजवली ती एका विशिष्ट फिनची. दुसऱ्या नमुन्यात निकाल निराळा लागू शकेल. आणखी एक बारकावा आहे. चिकटपट्टी लावली की चीर बंद होते, पण पाते थोडे ताठही होते. म्हणजे एकच गोष्ट बदलली असे अगदी काटेकोरपणे म्हणता येत नाही. हा दोष काढावयाचा कसा, यावर डोके चालवून पाहा.

घरी तुम्हाला एक प्रयोग करता येईल. जुन्या प्लास्टिकच्या फाइलच्या कव्हरातून ८ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब अशी पट्टी कापा. लाकडी फूटपट्टीच्या एका टोकाला ती दोऱ्याने अशी बांधा की निम्म्याहून अधिक भाग खाली मोकळा लोंबेल. जोडाशी एक जड नटबोल्ट बांधून वजन द्या. फूटपट्टीच्या वरच्या भोकातून खिळा घालून ती झोक्यासारखी टांगा आणि खाली पाण्याने भरलेले घमेले असे ठेवा की फक्त प्लास्टिकची पट्टी पाण्यात बुडेल. पट्टीचा सपाट भाग झोक्याच्या दिशेला सामोरा असू द्या. झोका दर वेळी ठरावीक खुणेपर्यंत ओढून सोडा आणि थांबेपर्यंत किती हेलकावे होतात ते मोजा. असे दहा वेळा करून सरासरी काढा. नंतर पट्टी मधोमध उभी चिरा आणि पुन्हा मोजा. मग चीर चिकटपट्टीने बुजवा आणि तिसऱ्यांदा मोजा. पाण्यावर चिमूटभर हळद भुरभुरली तर भोवरेही डोळ्यांना दिसतील. मात्र एक ध्यानात ठेवा: या प्रयोगात पाणी पात्याला किती अडवते एवढेच मोजले जाते, पाते पुढे किती ढकलते, ते नाही. ते मोजण्यासाठी झोक्याचा खिळा भिंतीवर न ठोकता चाके लावलेल्या हलक्या गाडीवर बसवावा लागेल, आणि गाडी कुठे सरकते ते पाहावे लागेल.